बर्फातल्या मिर्झाचा आवाज

शेलूबाजारात माणूस मेला की तसं डॉक्टर सांगतात, पण गाव ते मानतं करामतभाईंच्या भोंग्यावरून. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, आत बॅटरी आणि अॅम्प्लिफायर, आणि माइक धरून बसलेले करामतखाँ पठाण, वय वर्षे चोपन्न. "समस्त शेलूबाजारवासीयांना कळविण्यात अत्यंत दुःख होते की," एवढे शब्द आले की हॉटेलात बशीत ओतलेला चहा बशीतच राहायचा आणि हायवेवर मंगरूळ-मंगरूळ ओरडणारे जीपवाले गप्प व्हायचे. नाव कळेपर्यंत कोणी हलत नसे. नाव कळलं की मग ज्याचं त्याचं सुरू.

या कामाला नुसता घसा पुरत नाही, अक्कलही लागते. माळ्याकडे, मराठ्याकडे कोणी गेलं तर 'दुःखद निधन' आणि 'अंत्ययात्रा'. बौद्ध घरातलं कोणी गेलं तर नावाआधी 'कालकथित' आणि शेवटी विहारातली वेळ. मोहल्ल्यात कोणी गेलं तर 'इंतकाल', आणि कोणत्या नमाजानंतर जनाजा उठणार ते. तीस वर्षांत करामतभाईंनी एकाचा शब्द दुसऱ्याला लावला नव्हता. पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर जिवंत माणसाला 'कै.' लागलेलं गावाने पाहिलं होतं, पण करामतभाईंच्या तोंडून तसं कधी झालं नाही.

त्याला कारण होतं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे पहिल्या भोंगेवाल्याने, एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून इंझोरीच्या रामधनचं निधन सबंध बाजारात पुकारलं होतं, आणि अर्ध्या तासाने रामधन जीपमधून उतरून कांद्याचा भाव विचारत उभा राहिला. तेव्हापासून घराण्याचा नियम असा झाला की देह स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. करामतभाई घरात जायचे, चपला काढायचे, पाहायचे, दोन मिनिटं थांबायचे आणि मगच ऑटोत बसायचे.

तर अशा माणसाकडे प्रयागबाईंनी स्वतःचं मरण आगाऊ सांगून ठेवलं होतं. वय ब्याऐंशी, गावालगत दीड एकराची भाजीची बाग, मेथी, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. बाजारात बसायची जागा साठ वर्षांत कोणाच्या बापाने हलवली नाही. ही बाई दर दोन-चार महिन्यांनी करामतभाईंना थांबवून मजकूर पक्का करून घ्यायची.

"अल्पशा आजाराने म्हनजो नको," ती बजावायची. "मले आजार नाई. वृद्धापकाळाने म्हन. आन् सकाळी नवाच्या आतची वेळ दे. उन्हात लोकं येत नाई, आले तं घाई करतेत."

"बरं मावशी."

"आन् नावाच्या आंदी 'बागवाल्या' म्हनजो. नाईतं लोकं म्हनतीन कोनती प्रयागबाई."

गावात याहून मोठा मान करामतभाईंना कोणी दिला नव्हता. पण माणसाचं मन विचित्र असतं. त्यांना एक गोष्ट कुरतडत होती. आपला आवाज ऐकला की लोक घाबरतात. लहान लेकरं घरात पळतात. वरात सोडा, बारशालासुद्धा कोणी त्यांच्या हातात माइक देत नसे. एकदा तरी आपला आवाज ऐकून कोणी हसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती इतकी साधी होती की तिच्यापासून सावध राहायला हवं हे त्यांना सुचलं नाही.

ती इच्छा पुरी केली प्रयागबाईंच्याच नातवाने. धीरज पुण्यात एका स्टुडिओत कामाला होता, परदेशी मालिकांना मराठी आवाज देण्याचं काम तिथे चालायचं. दिवाळीला आला तेव्हा त्याने करामतभाईंचा व्हिडिओ काढून नेला. हरवलेल्या म्हशीची घोषणा होती. पंधरा दिवसांनी फोन आला की पुण्याला या, मुख्य पात्राचा आवाज तुमचाच पाहिजे.

मालिका नॉर्वेची, विनोदी. मराठीतलं नाव 'बर्फातला मिर्झा'. नॉर्वे कुठे आहे हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं, पण करामतभाई तिथे पोचले हे सगळ्यांना कळलं. मुख्य पात्र मिर्झा, डोंगरातल्या एका खेड्यात बेकरी चालवणारा मुसलमान. बायको, दोन मुली, गॅरेजमध्ये थाटलेली मशीद, आणि पाव घ्यायला येऊन तासभर बसणारा म्हातारा शेजारी. बस स्टँडवर फ्लेक्स लागला, 'शेलूबाजारचा आवाज आता सातासमुद्रापार'. त्यावर करामतभाईंचा फोटो बोटाएवढा होता आणि शुभेच्छुकांचे चौदा फोटो मोठे होते.

पुण्याच्या स्टुडिओत सगळं फार थंड आणि फार सभ्य होतं. दिग्दर्शिका रुचिका मॅडम यांनी दोन्ही हात जोडून स्वागत केलं. "करामतजी, आम्हाला अस्सल आवाज हवाय," त्या म्हणाल्या. "अगदी मातीतला. आत्तापर्यंत अशा भूमिका कोणीही करायचं. आम्ही ठरवलं, मुस्लिम पात्राला मुस्लिमच आवाज."

करामतभाईंना आनंद झाला. काचेच्या खोलीत त्यांना कानाला हेडफोन लावून उभं केलं आणि समोर पडदा लागला. जून महिना, त्यात रमजान, आणि नॉर्वेच्या त्या भागात जूनमध्ये सूर्यच मावळत नाही. मिर्झा भरल्या ताटासमोर रोजा सोडायची वाट पाहत बसला आहे, घड्याळात रात्रीचे साडेअकरा, बाहेर लख्ख ऊन. म्हातारा शेजारी कुत्रं घेऊन येतो आणि विचारतो, अजून जेवला नाहीस? मिर्झा खिडकीकडे पाहतो आणि काहीतरी बोलतो.

करामतभाईंना ते आवडलं. खरोखर आवडलं. त्या माणसाचे डोळे, तो दम धरून बसणं, ते ताटाकडे न पाहणं त्यांच्या ओळखीचं होतं. कागदाकडे न पाहता ते बोलून गेले, "हा सूर्य हाये का पाहुना? जायाचं नावच घेऊन नाई राह्यला."

ओठ जुळले, वेळ जुळली, शेवटचा शब्द मिर्झाने तोंड मिटायच्या क्षणाला आला. काचेपलीकडे धीरज हसला, आवाज यंत्रावरचा माणूस हसला. रुचिका मॅडमही हसल्या. मग त्यांनी डोकं थोडं कलतं केलं.

"छान आहे. फारच छान. पण हे मुस्लिम नाही वाटत."

"कोन नाई वाटत?"

"म्हणजे भाषा हो. ही तर वऱ्हाडी झाली. तुम्ही घरी कसं बोलता? अगदी घरी."

करामतभाईंनी घरचं बोलून दाखवलं. "नसीम, खाना हो गया क्या, मैं जरा मंगरूल जाके आतूँ."

"हे फार साधं आहे," मॅडम म्हणाल्या. "प्रेक्षकाला पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे. मी सांगते तसं करू या का?"

आणि मग पुण्यात जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या रुचिका मॅडमनी करामतखाँ वल्द रहेमतखाँ पठाण यांना मुसलमान कसा बोलतो ते शिकवलं. प्रत्येक वाक्याआधी 'या खुदा'. 'मी'च्या जागी 'हम'. वाक्याच्या शेवटी 'है ना बाबा'. मराठी आलीच तर मोडकी, लिंग वचन उलटंपालटं. "या खुदा, ये सूर्य कायको नाय जाता है, हम भूका मर गया है ना बाबा," असं ते वाक्य तयार झालं. मिर्झाच्या ताटात मासा होता, कागदावर बिर्याणी होती.

"माशाची बिर्यानी काहून झाली?" करामतभाईंनी विचारलं.

"लोकांना पटकन कनेक्ट होतं."

"आन् हा घरात येतानी खुदा हाफिज काहून म्हनून राह्यला? थे जाताना म्हनतेत."

"ते राहू द्या. गोड वाटतं."

मग करामतभाईंनी साधा प्रश्न विचारला, आणि पुढे महिनाभर तो त्यांच्या डोक्यातून गेला नाही. "मॅडम, तिकडं हा मिर्झा कसा बोलते? शेजाऱ्यापेक्षा येगळा बोलते का?"

"छे. तिकडचा तोच तर विनोद आहे," मॅडम उत्साहाने म्हणाल्या. "तो अगदी त्या खेड्यातलीच बोली बोलतो. राजधानीतल्या लोकांना कळतसुद्धा नाही म्हणे. गावातल्या म्हाताऱ्यांपेक्षा पक्की. बर्फाला शिव्या देतो त्याही त्यांच्याच."

"म्हनजे त्यायची वऱ्हाडी."

"हो, तसंच म्हणा."

"मंग मी तेच तं बोललो."

रुचिका मॅडमना कोणी अडवलं की त्या आणखी गोड व्हायच्या. "तिकडे ठीक आहे हो, करामतजी. इकडच्या प्रेक्षकाला कसं कळणार तो मुस्लिम आहे ते?"

"नाव मिर्झा हाये. रोजा धरून बसला हाये. मशिदीत उभा हाये."

"एवढं कोण लक्ष देऊन बघतं."

आता इथे करामतभाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवायला हवा होता, असं आपल्याला वाटतं. आपण घरात बसून वाचतो, आपल्याला वाटायला काय जातं. त्यांच्या डोळ्यांसमोर स्टँडवरचा फ्लेक्स होता. परत जाऊन काय सांगायचं, की मी पुरेसा मुसलमान निघालो नाही? आणि लोक हसतील, त्यांचा आवाज ऐकून हसतील, हा लोभ होताच. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "या खुदा." काचेपलीकडून टाळ्या आल्या. बारा दिवस त्यांनी तेच केलं.

पहिला भाग रविवारी संध्याकाळी सातला होता. प्रयागबाईंच्या अंगणात मोठा टीव्ही लावला, कारण त्यांचा मुलगा रंगराव हा करामतभाईंचा पहिलीपासूनचा बाकावरचा सोबती आणि नातू स्टुडिओतला. शंभरेक माणूस जमलं. प्रयागबाई पुढे खाटेवर. करामतभाईंची बायको नसीमबी डोक्यावरून पदर घेऊन बायांमध्ये. करामतभाई इस्त्रीचा पायजमा-कुर्ता घालून खुर्चीवर, नवरदेवासारखे.

पडद्यावर बर्फाचा डोंगर दिसला, मिर्झा दिसला, त्याने तोंड उघडलं आणि अंगणात हशा फुटला. रंगराव पोट धरून खाली बसला. 'या खुदा' म्हटलं की हसू, 'है ना बाबा' म्हटलं की हसू. मिर्झाची मुलगी आजारी पडते आणि तो तिच्या उशाशी बसतो, तिथेही हसू, कारण तो "बेटी को बुखार आया है ना बाबा" म्हणाला. करामतभाईंची इच्छा व्याजासकट पुरी झाली.

फक्त दोन माणसं हसली नाहीत. नसीमबीने शेजारणीला हळूच विचारलं, "ये कौन बोल रा? हमारे ये तो ऐसे कब्बी नहीं बोले." आणि प्रयागबाईंनी पूर्ण भाग पाहून घेतला, मग मान वळवून करामतभाईंकडे बराच वेळ पाहिलं.

"याच्या जिभेले लकवा मारला का?" त्यांनी विचारलं. तेही विनोद समजून लोक हसले.

नंतरच्या महिन्यात शेलूबाजाराने करामतभाईंशी बोलायची नवी भाषा काढली. कटिंगवाला म्हणे, "आओ करामतभाई, हम दाढी करता है ना बाबा." पानठेल्यावर, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत तेच. कोणाच्या मनात पाप नव्हतं, ही त्यातली वाईट गोष्ट. पाप असतं तर भांडता आलं असतं. प्रेमाने मारलेल्या टपलीचं काय करायचं? आणि रंगराव, ज्याच्यासोबत त्यांनी चोरून बोरं खाल्ली, जन्मभर एकाच बोलीत भांडणं केली, शिव्या दिल्या, तोही आता बांधावरून ओरडायचा, "या खुदा, करामतभाई आया है." करामतभाई हसायचे. पण त्यांना दुखायचं, सरळच सांगायचं तर फार दुखायचं. पन्नास वर्षं या गावात ते गावातले एक होते, आणि एका विनोदी मालिकेने त्यांना परदेशातून आणून इथे बसवलं.

तरी भोंगा शाबूत आहे असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. मग शेषराव गुरुजी गेले. करामतभाईंची शुद्ध मराठी म्हणजे गुरुजींनी पाचवीत छडी मारून दिलेली देणगी. करामतभाई त्यांच्या घरी गेले, चपला काढल्या, देह पाहिला, रडले, आणि ऑटो घेऊन स्टँडवर आले. "समस्त शेलूबाजारवासीयांना कळविण्यात अत्यंत दुःख होते की, कालकथित शेषराव..."

हॉटेलच्या बाकावरून कोणीतरी म्हटलं, "या खुदा." पाच-सहा जण हसले. फार मोठ्याने नाही. नेमका तेव्हा गुरुजींचा मुलगा संघदीप समोरच्या दुकानातून पांढरं कापड घेऊन बाहेर येत होता. त्याने ऐकलं. तो कापड काखेत धरून निघून गेला. तीन दिवसांनी भेटला तेव्हा म्हणाला, "काका, तुमची काई चूक नाई." चूक आहे म्हणाला असता तर बरं झालं असतं.

आठवड्याने रंगराव निरोप घेऊन आला, आणि महिन्यात पहिल्यांदाच त्याला थट्टा सुचत नव्हती. बुडीने, म्हणजे प्रयागबाईंनी, मरणाची घोषणा धीरजला त्याच्या आवाजात मोबाइलमध्ये भरून ठेवायला सांगितली होती. करामत नको म्हणाली.

करामतभाई तसेच उठून तिच्या अंगणात गेले. प्रयागबाई खाटेवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी, काहून?"

"मी मेली आन् लोकं हसले तं?" प्रयागबाई म्हणाल्या. "मले उठून त्यायले शिव्या देता येईन का?"

करामतभाई खाटेजवळ जमिनीवर बसले आणि बसल्यावर सगळं बाहेर आलं. पुण्याची काचेची खोली, माशाची बिर्याणी, आणि तो मिर्झा, जो आपल्या गावात गावासारखाच बोलतो. "थो मानूस माया सारखाच होता मावशी," ते म्हणाले. "मीच त्याले बिघडवलं."

"तू त्याले बिघडवलं, त्यानं तुले," प्रयागबाईंनी जुडी ठेवली. "आता सांगून दाखव."

"काय?"

"माह्यं. मी ठरवलेलं. पाह्यते तुया जुना आवाज राह्यला हाये का."

"नाई मावशी. देह पाह्यल्याशिवाय नाव घ्यायचं नाई. बापाचा कायदा हाये."

प्रयागबाईंनी मेथी बाजूला सारली, पाय वर घेतले आणि खाटेवर सरळ आडव्या झाल्या. हात पोटावर ठेवले, पदर तोंडावर ओढला. पदराखालून आवाज आला, "पाह्यला का देह?"

करामतभाईंनी पाहिला. मावशीच्या पायाच्या टाचा भेगाळलेल्या होत्या आणि नखात बागेतली माती होती. एवढा हट्टी देह त्यांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता. "भोंगा लावत नाई," ते म्हणाले.

"नको लावू. बोल."

ते उभे राहिले. हात आपोआप कानाशी गेला. आणि मग त्यांनी ते म्हटलं, तीस वर्षं म्हणत आले तसं. "समस्त शेलूबाजारवासीयांना कळविण्यात अत्यंत दुःख होते की, येथील जुन्या रहिवासी, बागवाल्या प्रयागबाई तुकारामजी गिऱ्हे यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले आहे. त्यांची अंत्ययात्रा उद्या सकाळी ठीक साडेआठ वाजता राहत्या घरून निघेल." 'राहत्या घरून' म्हणताना त्यांनी डोळे मिटले. पदराखालची बाई जिवंत आहे हे ठाऊक असूनही मिटले. हे असंच एक दिवस म्हणायचं आहे, आणि आपल्यालाच म्हणायचं आहे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

भोंगा नव्हता हे खरं. पण बिनाभोंग्याचे करामतभाईसुद्धा दोन गल्ल्या पुरतात, हे दोघंही विसरले होते. कुंपणापलीकडे शेजारची दुर्गाबाई हंडा भरत होती. हंडा पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा टाहो आला. पुढचं काम दुर्गाबाईने केलं, ते कोणत्याही भोंग्याहून जलद झालं.

करामतभाई कुंपणाकडे धावले, पण तोवर दुर्गाबाई गल्लीच्या टोकाला पोचली होती. बायका पदराचा बोळा तोंडात धरून आत शिरल्या. बांगड्यांची टोपली झाकून नानीबाई स्टँडवरून पळत आली. हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकं बाहेर काढून शटर ओढलं आणि डोक्याला पांढरा रुमाल बांधून आला, आणि त्याच्या मागे तो बाकावर हसणारा कंपू, तोही रुमाल बांधून, तोंडं उतरलेली. एकाने विचारलं, कोनं सांगतलं? दुसऱ्याने म्हटलं, करामतभाईनं सांगतलं. तेवढं पुरलं. कोणी पुढे काही विचारलं नाही, आणि कोणी हसलं नाही.

करामतभाई खाटेपाशी वाकले. "मावशी, उठा. लय झालं."

"थांब," पदराखालून दबकं उत्तर आलं. "सोसायटीतला खेमा अजून आला नाई."

मग रंगराव आला. वावरातून तसाच, चिखलाच्या हातांनी. तो आत आला नाही, उंबऱ्याशीच बसला आणि लहान पोरासारखा "माय" म्हणून रडायला लागला. तेव्हा प्रयागबाईंना राहवलं नाही. त्यांनी पदर काढला आणि त्या उठून बसल्या. अंगणात एक किंकाळी उठली आणि दोन बायका खाली कोसळल्या. प्रयागबाईंनी शांतपणे सगळ्यांवरून नजर फिरवली.

"बाजारवाले सगळे आले," त्या म्हणाल्या. "सोसायटीवाले नाई आले. ध्यानात ठेवते."

रंगराव उठला. डोळे पुसायला हात नेला तर तोंडाला चिखल लागला. आईला काही बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती, म्हणून तो करामतभाईंवर धावला. "करामत्या, भाडखाऊ, लाज नाई वाटत तुले? वावरातून इथलोक कसा आलो मी, मले मालूम. एखांद्या गाडीखाली गेलो असतो म्हंजे? माह्यं नाव कोनं पुकारलं असतं?"

शिव्या बराच वेळ चालल्या. सगळ्या जुन्या होत्या, शाळेच्या वेळच्या, थेट वऱ्हाडातल्या. त्यात एकदाही 'हम' नव्हतं. करामतभाई मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं की ते लपवणं कठीण जात होतं.

"मीच म्हनलं होतं त्याले," शेवटी प्रयागबाई म्हणाल्या. मग खाटेखालची मेथीची जुडी उचलून त्यांनी करामतभाईंच्या हातात दिली. "हा बयाना. धीरजले सांगजो, मोबाइलमधलं पुसून टाक म्हनाव."

माणसं हळूहळू पांगली. चहा झाला, दोनदा झाला. हॉटेलवाल्याने जाताना करामतभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि शटर उघडायला गेला. दुर्गाबाई फणकाऱ्याने पुन्हा हंडा भरायला गेली. प्रयागबाई पुन्हा जुड्या बांधायला बसल्या होत्या आणि करामतभाई त्यांना दोऱ्या तोडून देत होते, तेव्हा फोन वाजला. रुचिका मॅडम होत्या.

"करामतजी, अभिनंदन. आपली मालिका तुफान चालली. दुसरा सीझन घेतोय, पुढच्याच महिन्यात. तोच आवाज हवाय, अगदी तसाच. तारखा मोकळ्या ठेवा."

"मॅडम, थो आवाज तं तुमच्याच पाशी हाये," करामतभाई म्हणाले. "तुमीच बोला, जमते तुमाले. माया आवाज बुक झाला."

"बुक? कोणी केला?" मॅडमचा गोडवा जरा कमी झाला. "कुठलं प्रॉडक्शन आहे?"

"इथचंच हाये. घरगुती."

"अहो, मग त्यांची तारीख सांगा ना. आम्ही पुढे-मागे करू."

करामतभाईंनी प्रयागबाईंकडे पाहिलं. त्या दातांनी दोरीची गाठ आवळत होत्या आणि एक डोळा फोनवर होता.

"तारीख अजून ठरली नाई," करामतभाई म्हणाले. "होईन तितकी पुढं ढकला म्हनलं मी त्यायले."